तुपात ब्युटिरिक कमी येतंय? आधी रिकव्हरी तपासा

जळगावच्या एका डेअरी लॅबचा प्रश्न: म्हशीच्या तुपातली फॅटी ॲसिड्स मोजायला जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफी) पद्धत व्हॅलिडेट केली, म्हणजे ती भरवशाची आहे हे तपासलं; लिनिअरिटी (प्रमाण आणि सिग्नल सरळ रेषेत आहेत का) ०.९९९, रिकव्हरी (मुद्दाम घातलेल्यातलं किती परत मिळालं) ९८ टक्के, तरी ब्युटिरिक ॲसिड, म्हणजे दूधफॅटमधलं चार कार्बनचं फॅटी ॲसिड, दर वेळी कमीच.

रिकव्हरीला काय घातलंत ते आधी बघा. जीसीवर चालवण्यासाठी फॅटी ॲसिडचे मिथाइल एस्टर करावे लागतात; ते तयारच शेवटच्या द्रावणात टाकले असतील, तर त्या ९८ टक्क्यांत फक्त इंजेक्टर, कॉलम आणि एफआयडी (यंत्राचा डिटेक्टर) पास झाले. ट्रायग्लिसराइडचे (तुपातल्या मूळ फॅटचे) एस्टर पूर्ण झाले का, वाटेत काही उडालं का, हे राहूनच गेलं. स्पाइक, म्हणजे मुद्दाम घालायची भर, ट्रायब्युटिरिनची (ब्युटिरिकच्या ट्रायग्लिसराइडची) करा, तुपाचं वजन करतानाच: अपेक्षित प्रमाणाच्या निम्मी, तेवढीच आणि दीडपट. सी-१३ चं (१३ कार्बनच्या फॅटी ॲसिडचं) ट्रायग्लिसराइड इंटर्नल स्टँडर्ड, म्हणजे तुलनेसाठीचं ठरावीक मोजमाप, म्हणून तेव्हाच घाला. सी-१७ नको, ते रवंथ करणाऱ्या जनावरांच्या फॅटमध्ये मुळातच असतं.

बहुतेक वेळा घोळ सुकवण्यात असतो. मिथाइल ब्युटिरेट (ब्युटिरिकचा एस्टर) साधारण १०२ अंशांवर उकळतं, आयसोऑक्टेन हे सॉल्व्हंट ९९ वर. नायट्रोजन सोडून सॉल्व्हंट उडवलंत की मिथाइल ब्युटिरेटही जातं. सी-१३ मात्र जागेवरच राहतं, त्यामुळे ही तूट ते भरून काढत नाही. म्हणून सुकवूच नका. १०० मिग्रॅ तूप, २ मिली आयसोऑक्टेन, २ मोलर मिथेनॉलिक केओएच (मिथेनॉलमधलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड, एस्टर करणारं) ०.१ मिली, मिनिटभर जोरात हलवा, २ मिनिटं थांबा, मिठाचं पाणी घाला. वरचा थर सोडियम हायड्रोजन सल्फेटवर घेऊन सरळ वायलमध्ये. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ कडे जातो, तेव्हा सुई टोचलेली वायल ट्रेवर ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा चालवू नका. तूप जुनं, आम्लता वाढलेलं असेल तर केओएच पुरत नाही: मोकळ्या फॅटी ॲसिडचा एस्टर न होता साबण होतो.

नुसता एरिया टक्का (आलेखातल्या शिखरांच्या क्षेत्रफळाचा वाटा) देत असाल तर आकडा कमीच येणार. एफआयडी एस्टरच्या कार्बोनिल कार्बनला दाद देत नाही, त्यामुळे मिथाइल स्टिअरेटच्या तुलनेत मिथाइल ब्युटिरेटच्या एरियाला सुमारे १.५४ ने गुणावं लागतं. एस्टरवरून ॲसिड काढताना पुन्हा ०.८६३.

आणि दाणेदार तुपाच्या बरणीतून चमचाभर वरचं घेऊ नका. वर पातळ, खाली स्टिअरिक-पामिटिकचा रवा. सगळी बरणी वितळवून, ढवळून मगच वजन करा. नाहीतर सहा वेळा वजन करून केलेल्या चाचण्यांचा आरएसडी (निकालांतला टक्केवारीतला फरक) बिघडेल आणि दोष विनाकारण कॉलमवर जाईल.

एवढं करूनही कमीच आलं, तर बीसीआर-१६४ सारखा दूधफॅटचा प्रमाणित नमुना चालवा. तो बरोबर आला म्हणजे तूपच तसं आहे. खानदेशात सरकी भरपूर खाऊ घालतात, आणि सरकीवरच्या दुधात लहान साखळीची ॲसिड्स घटतात, स्टिअरिक वाढतं. त्यामुळे इंटरमीडिएट प्रिसिजनसाठी (वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या हातांनी निकाल जुळतात का हे बघायला) सरकीवरचं आणि हिरव्या चाऱ्यावरचं, दोन्ही तुपं घ्या.