सोसायटीच्या लिफ्टमध्ये पाहुणा जखमी झाल्यास भरपाई कोणाकडून मागावी?

आपल्या प्रश्नातील लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबून अचानक खाली आली व पाहुण्याचा पाय मोडला, अशा वेळी जबाबदारी बहुधा एकट्या सोसायटीवर येत नाही. लिफ्टची मालक व ताबेदार म्हणून ती सुस्थितीत ठेवण्याचे कर्तव्य सोसायटीचे असते आणि देखभालीचा वार्षिक करार झाला म्हणून जखमी व्यक्तीपुरते ते संपत नाही. मात्र देखभाल करणाऱ्या कंपनीने सदोष दुरुस्ती केली असल्यास तिलाही दाव्यात प्रतिवादी करता येते. नीट राखलेली लिफ्ट सहसा आपोआप कोसळत नाही, त्यामुळे अपघाताचे स्वरूपच हलगर्जीपणाकडे बोट दाखवते, असा युक्तिवाद न्यायालयापुढे करता येतो.

महाराष्ट्रात 1939 च्या जुन्या कायद्याची जागा लिफ्ट, सरकते जिने व सरकते मार्ग यांसंबंधीच्या 2017 च्या अधिनियमाने घेतली आहे. त्यामुळे परवाना व तपासणीची कागदपत्रे प्रथम मागावीत. खरा पुरावा बहुतेक वेळा देखभालीच्या नोंदवहीत आणि रहिवाशांच्या आधीच्या लेखी तक्रारींतच सापडतो (व्हॉट्सॲपवरील संदेशही जपून ठेवावेत).

रहिवाशाला ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते. पाहुणा ‘ग्राहक’ ठरेल का यावर वाद होऊ शकतो, म्हणून त्याच्यासाठी दिवाणी दावा मला अधिक सुरक्षित वाटतो. फौजदारी बाजूने भारतीय न्याय संहितेचे कलम 125 (निष्काळजीपणाने इतरांचा जीव किंवा सुरक्षितता धोक्यात आणणे), आणि मृत्यू झाल्यास कलम 106 (हलगर्जीपणाने मृत्यूस कारणीभूत होणे) लागू होऊ शकते.