हळदीच्या कॅप्सूलमधलं कर्क्युमिन खरंच थेट मेंदूत जातं का?

तुम्ही विचारलंय की जाहिरातीत म्हणतात तसं हळदीतलं कर्क्युमिन, एकूणच फळाभाज्यांतली पॉलिफिनॉल (वनस्पतींत तयार होणाऱ्या रसायनांचा एक गट, कर्क्युमिन त्यातलंच), थेट मेंदूत पोहोचतात का. मी मुंबईत बायोकेमिस्ट्री शिकवतो. त्यातलं ‘थेट’ तेवढं खोडा, मग बोलू.

जांभळंच घ्या. पावसाच्या तोंडावर दादर स्टेशनबाहेर मीठ भुरभुरून मिळतात आणि चार खाल्ली की जीभ जांभळी. तो रंग अँथोसायनिनचा, म्हणजे पॉलिफिनॉलचाच. जीभ रंगते, मेंदू नाही रंगत! पाउल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने 1885च्या सुमारास प्राण्यांच्या रक्तात रंग सोडून पाहिले, तर बाकीचे अवयव रंगले आणि मेंदू कोराच राहिला. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. शिवाय आत शिरू पाहणाऱ्या कित्येक रेणूंना परत रक्तात ढकलणारे पंप त्यांच्यात असतात. लहान, स्निग्ध पदार्थांत विरघळणारे रेणू त्यातल्या त्यात सहज निभावतात.

खरी उलथापालथ मात्र त्याआधीच, पोटात होते. बहुतेक पॉलिफिनॉल लहान आतड्यात शोषली न जाता मोठ्या आतड्यात उतरतात. तिथले जिवाणू त्यांचे तुकडे पाडतात: डाळिंबातल्या एलॅजिटॅनिनपासून युरोलिथिन, ग्रीन टीतल्या कॅटेचिनपासून व्हॅलेरोलॅक्टोन. जे काही शोषलं जातं त्याला आतड्याची भिंत आणि यकृत सल्फेट नाहीतर ग्लुकुरोनिक आम्ल जोडून बाहेर घालवायच्या तयारीला लागतात. त्यामुळे मेंदूपाशी पोहोचतात ते बहुतांशी हे बदललेले रेणू, आणि तेही अगदी थोडे. त्यात युरोलिथिन सगळ्यांच्या पोटात तयार होतंच असं नाही. एकच डाळिंब सासू-सुनेने वाटून खाल्लं तरी हिशेब वेगळा.

पॉलिफिनॉल मेंदूत न शिरताही काही उपयोग होऊ शकतो. कोकोतल्या फ्लॅव्हनॉलने, म्हणजे एका प्रकारच्या पॉलिफिनॉलने, रक्तवाहिन्या सैलावतात हे माणसांत दिसलंय.

आता तुमची कॅप्सूल. 1998मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी 2 ग्रॅम कर्क्युमिन नुसतं दिलं तेव्हा रक्तात जेमतेम सापडलं. सोबत 20 मिलिग्रॅम पायपरिन, म्हणजे मिरीतलं तिखट, दिल्यावर ते कितीतरी पटींनी वाढलं. पण ही मोजणी रक्तातली, मेंदूतली नव्हे. जाहिरातवाले नेमकं हेच गाळतात. आणि पायपरिन यकृताचं काम मंदावतं, त्यामुळे फेनिटॉइनसारख्या फिट्सच्या औषधाचं रक्तातलं प्रमाणही वाढू शकतं. घरात कुणाला तशी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मिरीच्या अर्काची कॅप्सूल देऊ नका. आमटीतल्या हळदीला कुणाची ना नाही.