पाणी-स्वच्छता: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मी सिव्हिल इंजिनिअर, पुण्यात नोकरी करते. दोन महिने रजा काढून विदर्भातल्या एखाद्या खेड्यात पाण्याचं काम विनामोबदला करायचं आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर: ताई, नक्की या. पण पहिला आठवडा नकाशा काढू नका. पहाटे बायांसोबत हापशीवर उभ्या राहा.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात मी टाकीची जागा बघायला गेलो होतो. पाणी नितळ, चवीलाही चांगलं. हापशीजवळ एक पोरगी हसली आणि तिच्या दातांवर तपकिरी पट्टे दिसले. फ्लोराइड! जमिनीतून पाण्यात उतरणारा क्षार, जास्त झाला की दात असे डागाळतात. त्याला ना रंग, ना वास. लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. इथे त्याच्या कितीतरी वर निघालं. नकाशा गुंडाळला, गावची बुजत आलेली विहीर उपसली आणि आधी तिचं पाणी तपासलं. उथळ पाण्यात फ्लोराइड बहुधा कमी असतं, तसंच निघालं. त्या पोरीचं हसणं अजून डोळ्यांसमोर आहे.

अकोला-बुलडाण्याकडे गेलात तर पूर्णा नदीकाठचा खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारट. तिथे बोअर आणखी खोल नेऊन भागत नाही.

संडासाला दोन शोषखड्डे घ्या, एक भरला की दुसरा. काळ्या मातीत पाणी लवकर मुरत नाही, म्हणून खड्ड्याभोवती वाळू भरायला गवंड्याला स्वतः उभं राहून सांगा. विहिरीपासून लांब, हे तर आलंच.

आणि निघण्याआधी गावातल्या दोघांना तरी हापशी उघडून वायसर बदलता आला पाहिजे. तुमच्यादेखत, तुमचा हात न लागता.