एनिमाचं भांडं घरचं चालेल, तोटी मात्र नको

तुमचा प्रश्न असा: वडील सत्तरीचे, अंथरुणाला खिळलेले, चार-चार दिवस त्यांचं पोट साफ होत नाही. म्हणून सलाइनची रिकामी बाटली, माशांच्या टाकीची नळी आणि बॉलपेनचं नळकांडं जोडून तुम्ही एनिमाचं साधन केलंय. ते वापरावं का, आणि नेहमीसाठी ठेवावं का? मी सर्जिकल वॉर्डात नोकरी केलेली सिस्टर आहे, म्हणून स्पष्टच सांगते. बाटली ठेवलीत तरी चालेल. नळी बदला. पेनाचं नळकांडं आजच कचऱ्यात टाका.

कारण नीट समजून घ्या. गुदद्वारातून आत तीन-चार सेंटिमीटरपर्यंत टोचलेलं कळतं. त्याच्या वर मोठ्या आतड्याच्या अस्तराला ताण कळतो, पण टोचणं-कापणं कळत नाही. त्यामुळे ‘दुखलं नाही, म्हणजे लागलं नाही’ हा हिशेब तिथे चुकतो. कडक प्लास्टिकच्या कडेने आतडं फाटलं तर त्या क्षणी पेशंट गप्प असतो. काही तासांनी पोट फुगतं, ताप चढतो, आणि मग ऑपरेशनशिवाय मार्ग उरत नाही. म्हाताऱ्या माणसाचं आतडं नाजूक असतं, त्यात मलाच्या कडक खड्याने ते आधीच ताणलेलं असतं.

आपल्या जुन्या वैद्यांना हे पक्कं ठाऊक होतं. चरकसंहितेत बस्तीच्या, म्हणजे आयुर्वेदातल्या एनिमाच्या, नळीचे आठ दोष सांगितलेत: फार आखूड, फार लांब, फार बारीक, फार जाड, जुनी झिजलेली, सैल बांधलेली, बाजूला भोक पडलेली आणि वाकडी. चांगली नळी गाईच्या शेपटीसारखी निमुळती, गुळगुळीत हवी आणि तिला कर्णिका हवी, म्हणजे ठरलेल्या मापापुढे आत जाऊ न देणारं कडं. औषध भरायची पिशवी तेव्हा जनावराच्या मूत्राशयाची असे, तिच्याबाबत पर्याय चालत. नळीबाबत मात्र काटेकोरपणा. तुमचं नळकांडं या यादीवर तपासून पाहा. कडं नाही, कड धारदार आणि सांधा सैल, म्हणजे ते आतच निसटून राहण्याची भीती.

मेडिकलच्या दुकानात एनिमा पॉट किंवा एनिमा किट मागा, काही शे रुपयांत मिळतं. 1946 मध्ये गांधीजींनी उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम सुरू केला, त्या परंपरेतल्या घरांत हा पॉट अजून न्हाणीघरात टांगलेला दिसतो. सबंध किट नको असेल तर निदान मऊ रबरी कॅथेटर (आत सरकवायची लवचिक नळी), पाण्याची नळी आणि ती बंद करायचा चिमटा तरी विकत घ्या.

आता उंची. पाण्याचा दाब ठरतो तो उंचीवर, बाटली केवढी आहे यावर नाही. पेशंटच्या कुशीपासून 30 ते 45 सेंटिमीटर वर बाटली असली की पुरे. माशांच्या टाकीची नळी बारीक, त्यातून पाणी हळू उतरतं, मग माणूस कंटाळून बाटली खिडकीच्या गजाला नेऊन टांगतो. तिथेच घोळ होतो, कारण आत खडा आडवा आला की त्या सगळ्या उंचीचा दाब आतड्यावर बसतो. नळीचा व्यास दुप्पट केला तर त्याच उंचीवरून पाणी कितीतरी वेगाने येतं, म्हणून नळी जाड घ्या आणि बाटली खालीच ठेवा. मऊ बाटली हाताने दाबूही नका, हाताचा दाब मोजता येत नाही. आणि संडासातल्या जेटची नळी या कामाला कधीच लावू नका. टाकी तीन मजले वर असेल तर ते सुमारे 9 मीटर पाणी झालं, म्हणजे 45 सेंटिमीटरच्या वीसपट दाब.

पाणी उकळून कोमट केलेलं घ्या, मनगटाच्या आतल्या बाजूला जेमतेम उबदार लागेल इतपत. अर्धा लिटर पुष्कळ झालं. त्यात साधारण साडेचार ग्रॅम मीठ टाका, म्हणजे चहाचा सपाट पाऊण चमचा. साधं पाणी वारंवार दिलं तर ते आतड्यातून शोषलं जाऊन रक्तातलं सोडियम उतरतं, आणि म्हातारा माणूस बरळायला लागतो. साबणाचं पाणी आता जुन्या काळातच राहू द्या, त्याने अस्तर भाजल्यासारखं सुजतं. कॉफी, लिंबू, हायड्रोजन पेरॉक्साइड यांपैकी काहीही आत घालू नका. दुकानात मिळणारी फॉस्फेट एनिमाची तयार बाटलीही किडनी किंवा हृदयाचा त्रास असलेल्या म्हाताऱ्यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. एका दिवसात दोन बाटल्या तर मुळीच नकोत.

वडिलांना डाव्या कुशीवर वळवा, उजवा गुडघा पोटाकडे घ्या. नळीतली हवा आधी पाणी सोडून काढून टाका. कॅथेटरच्या टोकाला व्हॅसलिन किंवा जेली लावा आणि ते बेंबीच्या रोखाने 7 ते 10 सेंटिमीटरच सरकवा. अडलं तर जोर लावायचा नाही, मागे घ्यायचं. कळ आली म्हणाले तर चिमटा लावून थांबा. पाणी संपत आलं की शेवटचं थोडं राहू द्या, नाहीतर हवा आत जाते. चरकानेही हे सांगितलंय. बेडपॅन आधीच हाताशी ठेवा, त्यांना उठवून संडासला नेण्याची घाई नको, घेरी येऊन पडतात.

स्वच्छतेबद्दल एकच प्रसंग सांगते, नोंद झालेला आहे. अमेरिकेत कोलोरॅडोच्या पश्चिम भागात 1978 ते 1980 या काळात एका कायरोप्रॅक्टरच्या (मणके-सांधे हाताने दाबून उपचार करणाऱ्याच्या) दवाखान्यात आतडी धुऊन घेतलेल्या किमान 36 जणांना अमीबाचा आजार झाला. दहा जणांचं मोठं आतडं काढावं लागलं, त्यातले सहा दगावले. यंत्र नीट निर्जंतुक होत नव्हतं. म्हणून कॅथेटर एकाच माणसाचा, तो साबणाने धुऊन उकळलेला आणि कोरडा करून ठेवलेला असावा. चिरा पडल्या की नवा आणायचा.

आता नेहमीसाठी ठेवण्याचं. नेहमीचा मार्ग म्हणून नको. मलातली ‘विषं’ काढायला दर आठवड्याला एनिमा लागतो, या म्हणण्याला आधार नाही. ते काम लिव्हर आणि किडनी करतातच. वडिलांच्या गोळ्यांची यादी बघा: लोह, कॅल्शियम, ट्रॅमाडॉलसारखी दुखण्याची गोळी, यांनी पोट बांधलं जातं. डॉक्टरांना विचारून मल मऊ करणारं लॅक्टुलोजचं पातळ औषध किंवा मॅक्रोगॉलची पावडर रोज चालू ठेवणं जास्त बरं. इसबगोल मात्र पाणी कमी पिणाऱ्या, झोपून असणाऱ्या माणसाला देऊ नका, तेच आत घट्ट होऊन बसतं. रोज जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटांनी आधार देऊन बसवता आलं तर बसवा, त्या वेळी आतडं आपणहून हलतं.

चादरीला पातळ डाग लागत असतील तर त्याला जुलाब समजू नका. मोठा खडा अडकला की त्याच्या कडेने पातळ गळतं. अशा वेळी घरी एनिमा न देता डॉक्टरांकडून बोटाने तपासून घ्या. पोट फुगून दगडासारखं झालंय, उलटी होतेय, रक्त पडतंय, ताप आहे, किंवा दिलेलं पाणी तासाभरात बाहेरच आलं नाही, तर नळी बाजूला ठेवून सरळ इस्पितळात न्या. वडिलांना किडनीचं, हृदयाचं किंवा प्रोस्टेटचं दुखणं आहे का आणि सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, ते कळवा. त्यावरून डॉक्टरांना काय विचारायचं ते नेमकं सांगता येईल.