डेव्हलपमेंटमधलं प्रॉडक्ट कॅन्सल झालंय, कस्टमरला आधीच सांगून ठेवलेलं, आता काय करू?

ठरलं की लगेच सांगून टाका, गप्प बसू नका. ॲपलच्या एअरपॉवरचं आठवतंय ना, तीन डिव्हाइस एकत्र चार्ज करणारं मॅट, सप्टेंबर 2017 ला स्टेजवर दाखवलं, 2018 मध्ये येणार म्हणाले आणि मग चिडीचूप, शेवटी 29 मार्च 2019 ला म्हणाले की आमच्या दर्जात बसत नाही म्हणून रद्द. कहर म्हणजे त्याच महिन्यात आलेल्या एअरपॉड्सच्या खोक्यावर त्याचं चित्र छापलेलं! तरी निभावलं, कारण आगाऊ पैसे कुणाकडून घेतलेच नव्हते. तुम्ही घेतले असतील तर रिफंडची तारीख पहिल्याच मेलमध्ये टाका, "लवकरच" लिहू नका, आम्ही एकदा लिहिलं होतं, तीन दिवस फोन खाली ठेवता आला नाही. आणि ज्याने तुमच्या भरवशावर जुनं सॉफ्टवेअर बंद केलंय त्याला मेल नको, सरळ फोन करा, शिव्या पडतील, खा, आणि दुसरं काय वापरता येईल तेही सांगा, कॉम्पिटिटरचं असलं तरी. सेल्सवाल्यांना मात्र त्याआधी कळवा, नाहीतर ते तिकडे अजून डेमो देत बसलेले असतात.