वणव्यानंतरचा माळ नांगरावा का?

प्रश्न : ताई, आमच्या वस्तीमागचं गायरान होळीनंतर वणव्यात जळालं. त्याआधीचं वर्ष दुष्काळाचं होतं. आता नुसतं काळं रान दिसतं. गावातली काही मंडळी म्हणतात, गवत मुळासकट गेलं, माळ नांगरून चाऱ्याचं बी पेरू. तरुण म्हणतात, जेसीबीनं खड्डे घेऊन झाडं लावू. आमची मेंढरं या माळावर जगतात. आम्ही काय करावं?
— एक वाचक, पुरंदर तालुका

उत्तर : नांगर लावू नका आणि जेसीबीही आणू नका. पाऊस पडेपर्यंत थांबा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. वर जळालं ते गेल्या वर्षीचं वाळलेलं पान आणि काडी. यंदाचं गवत जिथून यायचं आहे ती जागा मातीत आहे.

तुमच्याकडच्या माळावर शेडा, डोंगरी, कुसळी, मारवेल ही बहुवर्षायू गवतं असतात. त्यांच्या प्रत्येक फुटव्याच्या बुडाशी, जमिनीलगत किंवा जरा खाली, अगदी जवळजवळ पेरं असतात आणि प्रत्येक पेरावर एक डोळा असतो, उसाच्या कांडीवर असतो तसा. फुटवा फुलोऱ्यावर येऊन वाळला तरी बुडाचे हे डोळे जिवंत राहतात. पावसाची ओल लागली की त्यातले काही फुटतात, बाकीचे राखीव राहतात. गवताची आग झरझर पुढे सरकते आणि माती उष्णता फारशी खाली जाऊ देत नाही. दोन-तीन सेंटिमीटर खालचे डोळे त्यामुळे बहुतेक वाचतात.

माझ्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा स्वतः बघा. माळावर चढावर, उतारावर आणि ओघळीजवळ अशा वेगवेगळ्या ठिकाणचे गवताचे काही जळके ठोंब, म्हणजे मुळासकटचे झुबके, खुरप्यानं मातीसकट उचला. पाण्यात धुवा, बुडाची सुकी आवरणं नखानं सोला. पांढरट किंवा फिकट पिवळे, टणक, टोकदार डोळे दिसले तर ते जिवंत आहेत. तपकिरी, पोकळ किंवा दाबल्यावर भुगा होणारे मेलेले. बघून झालं की ठोंब परत त्याच खड्ड्यात दाबून ठेवा. माळरानावर काम करताना मी आजही आधी हेच करते. वरून काळा पडलेला ठोंब खाली जिवंत निघाला की मला दरवेळी तितकाच आनंद होतो.

अमेरिकेत कॅन्सस राज्यात कोंझा नावाचं उंच गवताचं संशोधन-रान आहे. तिथे काही भाग दरवर्षी, काही भाग काही वर्षांच्या अंतरानं मुद्दाम जाळून काय होतं ते दशकानुदशकं पाहिलं जातं. जमिनीतले डोळे तिथे अक्षरशः मोजले गेले. तेव्हा असं दिसलं, की नव्या हंगामात उगवणाऱ्या गवताच्या काड्यांपैकी 99 टक्क्यांहून अधिक या डोळ्यांतून येतात, बियांतून अगदी नगण्य. आपलं रान वेगळं आहे, पाऊसही वेगळा. कुसळीचं बी तर ओल लागताच पीळ उलगडत स्वतःला मातीत रोवून घेतं, म्हणजे बियांचा वाटा आपल्याकडे विसरून चालणार नाही. पण जुन्या ठोंबांच्या माळाला सावरणारी मुख्य ताकद जमिनीखालची आहे, हे इथेही खरं.

आता दुष्काळाबद्दल, कारण मला वणव्यापेक्षा त्याचीच काळजी जास्त वाटते. हे डोळे फार वर्षं टिकत नाहीत. नवे डोळे नव्या फुटव्यांवरच तयार होतात, म्हणून यंदा फुटवे कमी आले तर पुढच्या वर्षीचा साठाही आटतो. अमेरिकेच्या त्याच मैदानी पट्ट्यात ओल्या पूर्वेकडून कोरड्या पश्चिमेकडे गेलं की जमिनीतले डोळे कमी होत जातात, असं मोजणीत आढळलं आहे. डोळेच कमी असले तर एखादं वर्ष भरपूर पावसाचं आलं तरी गवत त्याचा पुरता फायदा घेऊ शकत नाही. पाऊस आता लहरी झाला आहे. मोठा खंड, मग एकदम मुसळधार. अशा काळात हा साठा भरलेला असणं फार मोलाचं.

म्हणून तुमच्या मेंढरांचा मुद्दा. वळवानंतर हिरवं दिसू लागलं की लगेच कळप सोडू नका. तो पहिला फुटवा ठोंबातल्या साठवणीवर वाढलेला असतो. तो खुडला, परत आला, परत खुडला, की ठोंब थकतो. यंदा निदान निम्म्या माळाला गवत फुलोऱ्यावर येईपर्यंत विश्रांती द्या, पुढच्या वर्षी दुसऱ्या निम्म्याला. चराई मुळीच बंद करा असं मी म्हणणार नाही, धनगरांची मेंढरं आणि हा माळ पिढ्यान्‌पिढ्या एकत्र नांदले आहेत.

याचा अर्थ वणवा चांगला, असा मात्र घेऊ नका. टिटवी-चंडोलाची जमिनीवरची घरटी त्यात जळतात आणि उघडी पडलेली माती पहिल्या जोरदार पावसात वाहून जाते.

नांगर वणव्यापेक्षा वाईट, कारण तो ठोंब उलथून डोळे उन्हात टाकतो. खड्डे आणि चरांनीही तेच होतं. तरुणांचा उत्साह मोडू नका, त्यांना झाडं वस्तीत आणि बांधावर लावायला सांगा. जिथे ठोंब खरंच मेलेत तिथे पावसाळ्याच्या तोंडाशी शेजारच्या रानातल्या मारवेलचे मुळासकट फुटवे आणून लावा. मारवेल असा सहज धरतो.

प्रश्न : काळ्या मातीच्या रानात कुंदा आणि हरळी काही केल्या जात नाही. रोटाव्हेटर मारला तर वाढलीच!
— एक वाचक, बार्शी

उत्तर : वर सांगितलेली गोष्टच इथे तुमच्या विरुद्ध चालते. रोटाव्हेटरनं काश्यांचे, म्हणजे जमिनीखालच्या आडव्या खोडांचे, तुकडे होतात आणि डोळा असलेला प्रत्येक तुकडा नवं रोप होऊ शकतो. उन्हाळ्यात खोल नांगरट करून ढेकळं तापू द्या, मग काश्या वेचून बांधाबाहेर नेऊन वाळवा. कुंद्याची मुळं काळ्या मातीत खोल जातात, त्यामुळे हे एका उन्हाळ्यात संपणार नाही. पुढचे दोन-तीन उन्हाळे मनात धरूनच सुरुवात करा.