नुकतेच निवृत्त झालात ना, मग हे वाचा

फंड, ग्रॅच्युइटी खात्यात पडली की भाच्यापासून बँकेतल्या गोड बोलणाऱ्या मुलापर्यंत सगळ्यांना तुमची काळजी वाटू लागते. हसून चहा पाजा, सही कशावरच करू नका. पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, व्याज दर तिमाहीला मिळतं. साठीच्या आत निवृत्त झाला असाल, तर मात्र निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून ३ महिन्यांत खातं उघडा.

दुसरं म्हणजे मृत्युपत्र. हा विषय काढला की घरात ‘अभद्र बोलू नका’ म्हणतात, म्हणू देत. साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदार हवेत, पण ज्यांना काही मिळणार आहे ते नकोत. नोंदणी सक्तीची नाही, तरी केलेली बरी. नॉमिनी लावलाय म्हणून निर्धास्त राहू नका. नॉमिनी बहुतेक ठिकाणी फक्त पैसे ताब्यात घेतो, हक्क वारसांचाच. भावाभावांतली निम्मी भांडणं इथेच सुरू होतात, असं माझं मत.

बाकी, वहिनींना स्वयंपाकघरात सूचना देऊ नका. तुम्ही ऑफिसात होतात तेव्हाही ते उत्तम चालत होतं. आणि पेन्शन असेल तर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा राहू देऊ नका.